औंधचा बिनभिंतींचा तुरुंग

‘दो आँखें बारह हाथ’च्या गोष्टीला खरा आधार आहे हे कळल्यापासून आटपाडीच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाने माझी पाठ सोडलेली नाही. शांतारामबापूंचा चित्रपट १९५७चा, कथा गदिमांची, आणि गदिमा औंध संस्थानच्याच मुलखातले. पडद्यावर मात्र कैद्यांना भिंतीबाहेर ठेवण्याचं हे धाडस एकट्या जेलरचं दिसतं. प्रत्यक्षात त्यामागे एक पोलिश इंजिनियर होता आणि त्याचं ऐकणारा एक राजा.

मॉरिस फ्रिडमन जन्माने ज्यू, गाव वॉर्सा. बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करता करता ते गांधीविचाराकडे ओढले गेले आणि भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी मैत्री जुळली आणि ते औंधला आले. सूर्यनमस्कारांसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्या राज्यघटनेच्या घडणीत गांधीजींच्या मार्गदर्शनाबरोबर फ्रिडमन यांचाही वाटा होता. स्वतंत्रपूर त्याच वर्षीचं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, त्यांची बायकामुलं, कसायला जमीन. भोवती भिंत नाही. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेणारे फ्रिडमन ते हेच. त्या कामासाठी त्यांचं नाव निघतं, तुरुंगासाठी कुणी काढत नाही, याची मला फार खंत वाटते.

हा सगळा इतिहास पुण्यात बसून वाचताना डोळ्यांसमोर येरवडा येतंच. पुणे कराराचं, गांधीजींच्या चरख्याचं येरवडा सर्वांना ठाऊक आहे. आजच्या येरवड्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि गेल्या काही वर्षांत आत त्याच्या दुपटीहून अधिक माणसं. देशाचं चित्र वेगळं नाही. २०२२च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. तुरुंगाने माणूस सुधारतो का, हा प्रश्न या तिघांना लागूच होत नाही. त्यांतल्या अनेकांना जामीन मिळतो, पण जामीनदार मिळत नाही. त्यांचं जेवण, पहारा, कोर्टाच्या तारखेला न्यायचा बंदोबस्त, हे सगळं आपल्या करातून जातं. गरिबाला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची योजना केंद्राने २०२३मध्ये आणली. तिची अंमलबजावणी नेटाने झाली, तर करदात्याचाच पैसा वाचेल.

उरले पक्के कैदी. त्यांच्यासाठी खुलं कारागृह येरवड्यातच १९५६पासून आहे. राजस्थानात सांगानेरला १९६३पासून कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर कामाला जातात आणि स्वतःच्या कमाईवर घर चालवतात. खर्च का घटतो हे उघड आहे: भिंत आणि पहारा कमी, आणि कमावणारा माणूस कमावताच राहतो. तो आत बसला की त्याच्यामागे घर उघड्यावर पडतं, ही किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

आक्षेप रास्त आहे: खुल्या कारागृहात निवडून घेतलेले, चांगल्या वर्तनाचे कैदी जातात, ते पळत नाहीत यात नवल काय? टोळ्या चालवणाऱ्याला शेतावर सोडा, असं मीही म्हणणार नाही. पण बांधावरच्या भांडणात एकदाच हात उचललेला, वर्षानुवर्षं नीट वागलेला माणूस भिंतीआड ठेवून समाजाची सुरक्षितता किती वाढते? २०२२मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवड्यातल्या बंद्यांना त्यांच्या तुरुंगातल्या कमाईच्या भरवशावर सात टक्क्यांनी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ केलं. कर्ज देताना बँक कैद्याच्या श्रमावर विश्वास ठेवते. शासनाने शिक्षा राबवतानाही तो ठेवावा.

माझं मागणं साधं आहे. बंद आणि खुल्या कारागृहातल्या दर बंद्यामागचा खर्च, आणि सुटल्यावर किती जण पुन्हा आत आले याचा आकडा, शासनाने दरवर्षी शेजारी शेजारी छापावा. त्यावरून खुल्या कारागृहांच्या जागा ठरवाव्यात. स्वतंत्रपुरात आजही तीसच्या आतच बंद्यांची सोय आहे. बहात्तर गावांच्या औंधाने जे १९३९ साली करून दाखवलं, ते वाढवायला महाराष्ट्राला पैसा कमी पडलेला नाही, इच्छा कमी पडली आहे.