वस्त्रमिश्रित अमूर्त चित्रण

रंगाच्या जोडीने किंवा रंगाऐवजी कापड, सूत, तरट, लाकूड, पत्रा इ. साहित्य वापरून केलेली वस्तुनिरपेक्ष चित्ररचना. तीत कापड हा केवळ चित्राचा आधारपट राहत नाही. त्याचा पोत, वीण, शिवण व जीर्णता हेच रचनेचे घटक बनतात.

पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याने १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटविले. कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८) याने १९१९ पासून टाकाऊ वस्तूंच्या रचना केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील आल्बेर्तो बुर्री (१९१५–९५) याने फाटकी तरटे शिवून त्यांनाच चित्ररूप दिले.

भारतात चित्रकारांचा वस्त्राशी निकटचा संबंध हातमाग-व्यवसायातून आला. के. जी. सुब्रह्मण्यन् (१९२४–२०१६) हे १९५९–६१ या काळात मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळात होते. कोकणातील नागाव (जि. रायगड) येथे जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांनी १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात, प्रथम वाराणसीस व नंतर मुंबईस, दीर्घकाळ काम केले. त्यांची चित्रे पूर्णतः अमूर्त नव्हती. तथापि तैलरंगांऐवजी एनॅमल रंग वापरून त्यांनी रूढ साहित्याची चौकट ओलांडली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले जेराम पटेल (१९३०–२०१६) यांनी प्लायवूड ज्योतीने जाळून अमूर्त आकार साधले.

अशा कृतींचा टिकाऊपणा हा बिकट प्रश्न आहे. सिंधुदुर्गासारख्या किनारी प्रदेशात दमट हवेमुळे सुती कापडावर बुरशी येते, खळीस कीड लागते आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंडी खिळे गंजून कापडावर डाग पडतात. ओलाव्यामुळे कापड व लाकूड कमीअधिक प्रमाणात फुगत असल्याने चिकटविलेले भाग सुटतात. याच जिल्ह्यातील सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफांच्या पत्त्यांना चिंचोक्याची खळ व खडू यांचे अस्तर देऊन वर लाखेचा लेप देण्याची पद्धत जोपासली. लाखेमुळे पत्त्याला ओलावा सहसा बाधत नाही. वस्त्रमिश्रित चित्रास मात्र हा उपाय लागू पडत नाही. कारण ज्या पोतासाठी कापड योजिले, तोच लेपाखाली झाकला जातो. म्हणून अशी चित्रे काचेआड, पण काचेस न टेकता, कोरड्या व हवेशीर जागी ठेवणे इष्ट ठरते. चित्रातील कोणती जीर्णता कलावंतास अभिप्रेत होती व कोणती हवामानाने ओढवली, हे पुढे ठरविता यावे, यासाठी वापरलेल्या साहित्याची नोंद कलावंतानेच करून ठेवणे अगत्याचे असते.