मेइरासचा वाडा कोणाचा?

आ कोरुन्या (स्पेन):

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियात, जुने जहागिरदारी वाडे विक्रीला निघणं नवीन नाही. अशा वाड्याला इथे 'पाथो' म्हणतात. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, दारावर घराण्याचं दगडी मानचिन्ह, आवारात स्वतःचं चॅपल, कबुतरखाना आणि सरूचं झाड. यातल्या शेवटच्या तीन गोष्टी दिसल्या की वाडा खानदानी, असं इथली म्हण सांगते. दलालांच्या याद्यांत असे वाडे पडून असतात आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. पण 2018 मध्ये इथून जवळच्या सादा गावातला मेइरासचा वाडा 80 लाख युरोंना विकायला काढला, तेव्हा अख्खा गॅलिसिया खवळून उठला. विकणारी होती हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रान्कोची नातवंडं.

पाथो विकायची वेळ का येते, ते आधी सांगायला हवं. हे वाडे जगले ते कुळांच्या धान्यावर. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसायचा आणि धन्याच्या कोठारात खंड आणून घालायचा. अखंड इस्टेट थोरल्याकडे जाण्याची जुनी रीत एकोणिसाव्या शतकात कायद्याने मोडली. पुढे 1926 च्या हुकमाने कुळांना रक्कम भरून खंडातून मोकळं होता आलं. उत्पन्न आटलं, वारसदार वाढले आणि गळक्या छपराला हात लावायचा तरी सगळ्या भावंडांच्या सह्या लागू लागल्या. काही वाडे सरकारी 'पारादोर' हॉटेलं होऊन तगले. कांबादोस गावचा बाथान घराण्याचा वाडा त्यांतलाच. बाकीचे गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे आहेत.

या ऱ्हासाचं चित्र ज्या कादंबरीने साऱ्या स्पेनला दाखवलं, तिच्या लेखिकेनेच मेइरासचा वाडा बांधला. एमिलिया पार्दो बाथान यांची 'लोस पाथोस दे उयोआ' 1886 मध्ये आली. शिकारीत रमलेला नादान धनी, त्याच्या नावाने राज्य करणारा कारभारी आणि कोसळत चाललेलं घर, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. मेइरासला त्यांच्या घराण्याची जुनी गढी होती. ती 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. बाईंनी 1893 मध्ये आईच्या साथीने त्याच जागी काम सुरू केलं, ते 1907 पर्यंत चाललं. आराखड्यात त्यांनी स्वतः लक्ष घातलं.

वाड्याला तीन चौकोनी बुरूज आहेत. त्यांतल्या किमेरा बुरुजात बाईंची अभ्यासिका होती. 'ला किमेरा' हे त्यांच्या 1905 च्या कादंबरीचं नाव. या बुरुजाच्या सज्जावर कलादेवता कोरल्या आहेत. इथल्या सततच्या पावसात ग्रॅनाइट काळवंडतो, त्यावर शेवाळ धरतं, तरी खाली उभं राहून मान वर केली की त्या आकृत्या ओळखता येतात. एका बाईने स्वतःच्या लेखनासाठी एवढा दगड रचावा, हे त्या काळात सोपं नव्हतं. स्पॅनिश अकादमीने केवळ बाई म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा दारातून परत पाठवलं. 1916 मध्ये त्या माद्रिदच्या मध्यवर्ती विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. मेइरासच्या चॅपलमध्ये त्यांनी आपल्यासाठी दगडी शवपेटी करून ठेवली होती. 1921 मध्ये त्या माद्रिदला वारल्या, दफनही तिथेच झालं. शवपेटी रिकामीच राहिली.

1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि बाईंचा मुलगा व नातू माद्रिदमध्ये मारले गेले. दोनच वर्षांनी, युद्ध चालू असतानाच, आ कोरुन्यातल्या बड्या मंडळींनी एक समिती काढली. बँकर पेद्रो बारिए दे ला माथा आणि प्रांताचा गव्हर्नर त्यात पुढे होते. वाडा वारसांकडून विकत घेऊन फ्रान्कोला नजर करायचा, असं ठरलं. पैसा 'लोकवर्गणी'तून. नगरपालिकांनी तिजोऱ्या उघडल्या, नोकरदारांच्या पगारातून रकमा कापल्या गेल्या आणि कोणी किती दिलं याच्या याद्या झाल्या. विरोधकांना गोळ्या घातल्या जात होत्या, त्या दिवसांत वर्गणीला नाही म्हणण्याची हिंमत कोण करणार? 5 डिसेंबर 1938 रोजी वाडा समारंभाने फ्रान्कोच्या हाती आला. आवार वाढवायला आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनीही दडपणाखाली घेतल्या गेल्या. ही सगळी कागदपत्रं कार्लोस बाबियो आणि मानुएल पेरेस लोरेन्थो यांनी 2017 च्या आपल्या पुस्तकात मांडली आहेत.

खरी गोम पुढे आहे. भेट मिळालेल्या याच वाड्याचं मे 1941 मध्ये एक खरेदीखत झालं. बाईंच्या सुनेकडून फ्रान्कोने स्वतःच्या नावे तो 85,000 पेसेतांना घेतल्याचं त्यात लिहिलं आहे. मग 1975 पर्यंत दर उन्हाळ्यात मेइरासला मुक्काम, मंत्रिमंडळाच्या बैठकाही तिथेच. पहारा, नोकरचाकर, डागडुजी, सगळा खर्च सरकारी तिजोरीतून. हुकूमशहा गेल्यावर मात्र घर कुटुंबाकडेच राहिलं.

स्पेनचा 1985 चा वारसा कायदा इथे समजून घेण्यासारखा आहे. एखादी वास्तू संरक्षित जाहीर झाली, की महिन्यातून निदान चार दिवस ती लोकांना पाहू द्यावी लागते. विकायची झाल्यास मालकाने आधी सरकारला कळवायचं. त्याच किमतीला ती घेण्याचा पहिला हक्क सरकारचा, आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत. मेइरासच्या पाहणीला 2007 मध्ये आलेल्या सरकारी तज्ज्ञांना कुटुंबाने आत घेतलं नाही. तरी पुढच्या वर्षी वाडा संरक्षित झाला आणि 2011 पासून लोकांना दार उघडलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये गॅलिशियन राष्ट्रवादी चळवळीतले 19 जण आत शिरले आणि वाडा परत द्या असे फलक त्यांनी तिथे लावले. त्यांच्यावर खटले भरले गेले.

म्हणजे 2018 मध्ये सरकारला 80 लाख मोजून वाडा घेता आला असता. पण ज्यासाठी आजोबा-पणजोबांच्या पगारातून पैसे कापले, त्याचे पैसे नातवांनी पुन्हा का भरावेत, असा इथल्या लोकांचा सवाल होता, आणि तो मला सोळा आणे पटतो. सरकारने 2019 मध्ये दावा लावला. 2 सप्टेंबर 2020 रोजी आ कोरुन्याच्या न्यायालयाने 1941 चं खरेदीखत दिखाऊ ठरवलं आणि वाडा सरकारचा असल्याचा निकाल दिला. 10 डिसेंबरला किल्ल्या सरकारकडे आल्या. पुढल्या फेब्रुवारीत अपिलात मालकी कायम राहिली, मात्र कुटुंबाने देखभालीवर केलेल्या खर्चाची भरपाई द्यावी, असं वरच्या न्यायालयाने म्हटलं. ही भरपाई सादाच्या लोकांना अजिबात रुचलेली नाही.

आता वाद आहे तो आत काय दाखवायचं याचा. हुकूमशाहीने हे घर कसं बळकावलं ते दाखवायलाच हवं. पण फ्रान्कोच्या उन्हाळ्यांखाली एमिलियाबाई झाकून जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. 1978 मध्ये वाड्याला आग लागली. त्यानंतर त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा काही भाग आ कोरुन्यातल्या रॉयल गॅलिशियन अकादमीकडे आला, बाकीची पुस्तकं मेइरासलाच राहिली. अकादमीचं घर ताबेर्नास गल्लीत आहे. तेही पूर्वी बाईंच्याच घराण्याचं, आणि आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणच्या पुस्तकांची एकच यादी व्हावी आणि बाईंवर अभ्यास करणाऱ्याला किमेरा बुरुजात बसून ती वाचता यावीत. वाडा सरकारजमा झाल्यावर एवढं तरी सरकारने करावं.