पन्हाळ्याच्या उतारावरची उष्णता

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून फिरतं घर घेऊन सुट्टीला निघालेल्या कुटुंबाला पहिली धास्ती असते ती चढणीची. गाद्या, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, वर मुलांचं सामान. एवढं घेऊन गाडी वाघबिळाची वळणं चढेल का? चढेल. इंजिन कण्हेल, डिझेल जास्त पिईल, पण पन्हाळ्यावर पोचवेल. मला काळजी वाटते ती दोन दिवसांनी, निवांत मनाने खाली उतरतानाची.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथे हॉटेल नाही अशा गावाशेजारीही मुक्काम करता यावा, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण या गाड्यांबद्दल बोलणं निघालं की ते आतल्या सोयींवरच थांबतं. चाकांकडे कुणी वाकून बघत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. साडेतीन टनांची गाडी ही चारशे मीटरची उंची चढते, तेव्हा डिझेलमधली काही ऊर्जा त्या उंचीच्या रूपाने गाडीत साठून राहते. वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे १.३७ कोटी ज्यूल, म्हणजे जवळजवळ चार युनिट वीज. उतरताना ती कुठेतरी गेलीच पाहिजे. काही हवेचा आणि टायरांचा विरोध खातो. उरलेली ब्रेकवर सोपवली, तर तिची उष्णता होते. पूर्ण हिशेब मांडला तर एवढ्या उष्णतेत चाळीसेक लिटर पाणी उकळेल.

ही उष्णता झेलतं ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ब्रेकचे ड्रम आणि डिस्क बहुतेक बिडाचेच असतात, आणि बीड ओतणं हे तर कोल्हापूरचं घरचं काम. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांतली कास्टिंग देशभरातल्या वाहनांत बसतात. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटकन आत पसरवतात आणि थरथर शोषून घेतात. पोलादावर टिचकी मारली तर ते खणखणतं, बिडाचा आवाज मात्र दबका येतो, तो यामुळेच. तरीही बिडाला मर्यादा आहे. चारही चाकांवर मिळून पन्नास किलो बीड धरा. सगळी उष्णता त्यातच साठली, वाऱ्याने काहीच नेली नाही, तर त्याचं तापमान साडेपाचशे अंशांच्या पुढे चढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो. मात्र ब्रेकवर पाय सतत ठेवला, तर त्याला तेवढी उसंत मिळत नाही.

मग पॅड तापून त्यांची पकड सुटू लागते. त्याहून वाईट गोष्ट ब्रेक ऑइलमध्ये घडते. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्याने पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं आणि चाकाला काहीच कळत नाही. म्हणून पावसाळे काढलेलं जुनं ऑइल निघण्यापूर्वी बदलून घ्यावं.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनला फिरवतात. बरीच ऊर्जा इंजिनमधल्या घर्षणात आणि हवा ओढण्या-ढकलण्यात जाते, ब्रेकवर कमी येते. विजेवरच्या गाडीत मोटर जनित्र बनते आणि चार युनिटांतला काही भाग बॅटरीत परत भरते. फक्त वरच्या मुक्कामावर बॅटरी काठोकाठ भरून घेऊ नका. जागाच नसेल तर ती वीज घेणार कोण?

वजनाकडेही लक्ष हवं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते आणि उंच गाडीला बाहेरच्या बाजूला ओढते, म्हणून टाकीत पडदे हवेत. शाहूपुरीची पेठ १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसली. तिथे गूळ आणणाऱ्या बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते आणि पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेत रुततं, हे गाडीवानांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मोटरहोममध्ये जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवायच्या, त्यामागचं गणित तेच. वरची कपाटं चादरी-टॉवेलांसाठी.

वाटेवरच्या केर्ली गावापर्यंत उतरलात की चहाला थांबा. पाना घेऊ नका, हातही लावू नका. फक्त तळहात चाकापासून वीतभर लांब धरा. मंद ऊब लागली तर उतरणीचं काम इंजिनने केलं आहे. धग लागली, जळका वास आला, तर दुसरा चहा मागवा आणि बीड निवेपर्यंत बसा.