शेजाराचा पहारा

जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून चुनखडीच्या डोंगरांचा एक पट्टा पसरला आहे. नावच 'गुनुंग किदुल', म्हणजे दक्षिणेचे डोंगर. योग्याकार्ता या जुन्या राजधानीपासून तो काही फार लांब नाही. पण शहरातली माणसे त्याचे नाव घेतात ते आपल्याकडे एखाद्या दुष्काळी तालुक्याचे घ्यावे तसे. पाऊस पडतो, पण पाणी चुनखडीच्या फटींतून खोल भुयारी प्रवाहांना जाऊन मिळते आणि कोरड्या हंगामात वरची माणसे टँकरची वाट पाहतात. पावसावरचा भात, मका, भुईमूग, ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कसावाचा कंद आणि सागाची झाडे, एवढाच इथला संसार. २०२४च्या कोरड्या हंगामात मी इथल्या एका आडबाजूच्या वाडीत तीन आठवडे राहिले. जवळचे पोलीस ठाणे मोटारसायकलवरून अर्ध्या तासावर. दवाखाना त्याहून लांब. घरांच्या दारांना कड्या होत्या, पण दिवसा त्या कुणी लावताना दिसले नाही. अशा ठिकाणी माणसाच्या चीजवस्तूंची आणि जिवाची राखण कोण करते, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला.

त्याचे अर्धे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मिळाले. ज्या आजींकडे मी उतरले होते, त्यांना सारी वाडी 'म्बाह' म्हणे. जावाच्या भाषेत आजीआजोबांना म्हणतात तसे. सामान ठेवून मी टेकते न टेकते तोच म्बाहनी मला चार घरे सोडून राहणाऱ्या 'पाक एर-ते'कडे नेले. एर-ते म्हणजे 'रुकुन तेतांगा', शेजाऱ्यांचा सलोखा. काही घरांचा मिळून असा एक गट, आणि त्याचा एक प्रमुख. पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत या प्रमुखाला कळवायचे, अशा पाट्या इंडोनेशियात जागोजागी दिसतात. माझे नाव वहीत लिहिले गेले, गोड चहा झाला आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याने जाताना पोरेसोरेही मला 'इंडियावाली' म्हणून ओळखू लागली. या शेजारगटांचे मूळ मोठे गमतीचे आहे. ते गावच्या परंपरेतून उगवलेले नाहीत. १९४२ ते १९४५ या काळात जपानी लष्कराने बेटे ताब्यात घेतली, तेव्हा आपल्या देशातल्या नमुन्यावर त्यांनी ते बसवले. जपानी गेले, गट राहिले.

म्बाहच्या घराच्या पुढच्या भिंतीवर एक लहानसा डबा टांगलेला असे. रोज रात्री त्यात त्या मूठभर तांदूळ टाकत. याला 'जिंपितान' म्हणतात, चिमूटभर काढलेले. वाडीतल्या पुरुषांच्या रात्रीच्या गस्तीच्या पाळ्या लावलेल्या असतात. गस्त घालणारे घरोघरच्या डब्यांतले तांदूळ गोळा करत पुढे जातात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचे नाणे असते. जमलेल्या पैशांतून रस्त्यावरचा दिवा, आजाऱ्याला मदत, लग्नकार्याची भांडी असे खर्च निघतात. पण या मुठीत आणखी एक युक्ती आहे. डबा रिकामा करायला प्रत्येक दारापर्यंत जावेच लागते, म्हणजे गस्त कुठे झोपली नाही, याची ती पावतीच! आणि एखाद्या म्हातारीचा डबा दोन रात्री रिकामा सापडला, तर सकाळी कुणीतरी तिची विचारपूस करायला जाते.

चौकीच्या छपराला 'केंतोंगान' टांगलेला असतो. बांबूचा किंवा पोखरलेल्या लाकडाचा, मधे लांब फट असलेला. त्याच्या ठोक्यांची एक भाषा असते. दोन ठोके चोरीचे, तीन आगीचे, चार नैसर्गिक आपत्तीचे, पाच गुरे चोरल्याचे. ठिकाणागणिक थोडाफार फरक. रात्रपाळीला ते 'जागा मालाम' म्हणतात. 'जागा' म्हणजे राखण करणे. हा शब्द संस्कृतातून तिकडे गेलेला, आपल्या जागण्याचाच भाऊ. आपल्या गावगाड्यातही राखणदाराला 'जागल्या'च म्हणत. मालमत्तेला तिकडे 'हार्ता' म्हणतात, तो आपला 'अर्थ'. आणि साक्षीदाराला 'साक्सी'.

या साक्षीचे महत्त्व मला जमिनीच्या कागदांवरून कळले. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० साली जमिनीचा मूळ कायदा केला, पण खेड्यापाड्यांतल्या असंख्य तुकड्यांना पक्के मालकीपत्र कधी मिळालेच नव्हते. गावच्या कचेरीतली 'लेटर सी' नावाची जुनी वही, म्हणजे मुळात साराआकारणीची नोंद, हाच काय तो आधार. आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी असा. २०१७पासून सरकारने गावेच्या गावे मोजून मालकीपत्रे देण्याची मोठी मोहीम हाती घेतली. म्बाहचे मालकीपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, लुगड्यांच्या तळाशी होते. पण ते मिळण्याआधी हद्दीच्या खुणांवर लागून असलेल्या शेजाऱ्यांची संमती लागली होती. म्हणजे सरकारी शिक्काही उमटायचा तो शेजाऱ्याच्या शब्दावर.

हा शेजार किती कामाचा ठरू शकतो, ते २००६ साली दिसले. २७ मेच्या पहाटे सहाच्या सुमारास योग्याकार्ता आणि क्लातेन परिसरात भूकंप झाला. ५,७००हून अधिक माणसे दगावली आणि दीड लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली. बळकट सांगाडा नसलेल्या विटांच्या भिंतींनी सर्वाधिक बळी घेतले. मदतपथके पोहोचण्याआधी ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी. पुढे घरे उभारतानाही शेजारगटांमधूनच मंडळे बनली आणि सरकारी पैसा त्यांच्यामार्फत खर्च झाला. आपल्याकडे जसे सावड किंवा इर्जिक, तसे तिकडे 'गोतोंग रोयोंग': आज सारे मिळून तुझे, उद्या माझे.

मात्र सगळ्यांना सगळे ठाऊक असण्याची दुसरी बाजूही आहे. १९६५-६६मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसे मारली गेली असे अभ्यासक मानतात. त्यामागे लष्कर होते, पण गावोगावी कोण कुणाच्या सभेला जात होता, हे सांगायला शेजारीच होते. पुढे सुहार्तोंच्या राजवटीत, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, याच रात्रगस्तीला देशव्यापी सरकारी चौकट मिळाली. चोरावर नजर ठेवणारे डोळे हवे तेव्हा माणसांवरही वळवता येत. पाहुण्याची नोंद करणारी ती वही मला आपुलकीची वाटली, कारण मला काही लपवायचे नव्हते.

शेजाराच्या या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहायच्या, तर गोठ्यात जावे लागते. जावाच्या भाषेत गुरांना 'राजाकाया' म्हणतात. गुरे म्हणजेच श्रीमंती. म्बाहची एक गाय आणि एक कालवड. गायीची किंमत दीड कोटी रुपियाच्या घरात, आपले जवळजवळ ऐंशी हजार. म्बाहची बँक तीच. मुलाच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी गाय विकायची. कोरड्या हंगामात चारा विकत घ्यावा लागला, तर एक जनावर विकून दुसरे जगवायचे. त्याला लोक 'गाय गायीला खाते' असे म्हणतात.

आणि गाय एकाएकी मेली तर? त्यासाठी इथे 'ब्रांदु' नावाची चाल आहे. आजारी किंवा मेलेल्या जनावराचे वाटे करायचे, शेजाऱ्यांनी ते थोड्याफार पैशांत घ्यायचे आणि जमलेली रक्कम मालकाला द्यायची. एकट्यावर कोसळलेला घाला सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ऐकताना ऊर भरून येतो. पण २०२३ साली, जून-जुलैच्या सुमारास, याच जिल्ह्यात अँथ्रॅक्सची साथ उफाळली. मेलेल्या गुरांचे मांस असे वाटले गेले होते. पुरलेली गाय उकरून काढल्याचेही उघडकीला आले. माणसे दगावली आणि डझनावारी लोकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा सापडल्या. अँथ्रॅक्सचे बीजाणू मातीत कित्येक दशके तग धरतात, त्यामुळे एकदा रक्त सांडलेली जागा पुढच्या पिढीच्या गुरांनाही धोक्याची. पुढच्या वर्षी तो रोग योग्याकार्ता भागात पुन्हा दिसला.

शहरातल्या वृत्तपत्रांत तेव्हा 'अडाणीपणा' हा शब्द बराच वापरला गेला. म्बाहच्या ओसरीवर बसून मला तो पटेना. आजारी मांस खाऊ नये, हे म्बाहना चांगले ठाऊक होते. पण शेजाऱ्याची वर्षानुवर्षांची पुंजी गोठ्यात मरून पडलेली असताना वाटा नको म्हणायचे कसे? आणि उद्या आपली गाय मेली तर? त्यांचा सवाल एवढाच होता. वाटा घेणे म्हणजे जेवण नव्हते, विम्याचा हप्ता होता.

खरा विमाही आहे. इंडोनेशिया सरकारने २०१६ साली गायींसाठी सवलतीची योजना सुरू केली. वर्षाचा हप्ता दोन लाख रुपिया, त्यातले एक लाख साठ हजार सरकारचे आणि चाळीस हजार, म्हणजे आपले दोनशेच्या आसपास, शेतकऱ्याचे. पण त्यासाठी नोंदणी हवी, कानातला बिल्ला हवा, पशुवैद्याचा दाखला हवा आणि भरपाईची वाट पाहायची तयारी हवी. शेजारी मात्र त्याच संध्याकाळी पैसे देतो. आडगावच्या माणसाला कुणाचा भरवसा वाटेल, हे सांगायला नको. त्यातच तरुण पोरे जाकार्ताला कामाला जातात, म्हाताऱ्या माणसांना अर्ज भरता येत नाहीत आणि गस्तीच्या पाळ्याही साठीच्या पुढच्या पुरुषांवर येऊ लागल्या आहेत.

परतीच्या प्रवासात मी एक साधा हिशेब मांडला. एका घराने रोज रात्री पाचशेचे एक नाणे डब्यात टाकले, तर वर्षाचे एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे रुपिया होतात. सुरुवातीच्या दराने शेतकऱ्याच्या वाट्याचे चार गायींचे हप्ते त्यात भागतात आणि वर थोडे उरतात. गावाने पैसा गोळा करायचा, अर्ज भरायचे काम कचेरीतल्या कारकुनाने वाडीवर येऊन करायचे आणि लस टोचणाऱ्याने गोठ्यापर्यंत चालत यायचे. म्बाहच्या शेजाऱ्यांना माया शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडे भरपूर आहे. मेलेल्या गायीचे पैसे सरकारने वेळेवर दिले, तर त्या मायेपायी कुणाला विषारी घास गिळावा लागणार नाही.