कॅनडातल्या सरेत कार्पेट घेताय? आधी रोलची रुंदी विचारा!

पुण्याच्या तुळशीबागेतली घासाघीस इथे चालत नाही असं वाटतं ना? चालते! फक्त ‘थोडं कमी करा’ म्हणून नाही, हिशेब मांडून.

कार्पेटचा रोल साधारण १२ फूट रुंद असतो. खोली ११ बाय १३ असेल तर क्षेत्रफळ १४३ चौरस फूट, पण कापावं लागतं १२ बाय १३, म्हणजे १५६. वरचे १३ चौरस फूट कातरणीत जातात, पैसे मात्र आपलेच. म्हणून कटिंगचा नकाशा मागा, त्यात जोड कुठे येतो तेही दिसतं. भाव चौरस फुटाचा की यार्डाचा? एका चौरस यार्डात ९ चौरस फूट असतात, गफलत इथेच होते.

‘फ्री इन्स्टॉलेशन’ हा माझ्या मते सगळ्यात फसवा शब्द. अंडरपॅड, जिने, जुनं कार्पेट काढणं-टाकणं, फर्निचर हलवणं यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. जीएसटी (५ टक्के) आणि पीएसटी (७ टक्के) धरलेत का, तेही विचारा.

छोट्या खोलीला रोलचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळू शकतो. स्कॉट रोडवरच्या दुकानांत जाण्याआधी खोलीचं माप घ्या, आणि किमान तीन दुकानांची लेखी कोटेशन्स हातात असल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.