सर्व्हर दिसत नाही, म्हणजे नेमके काय दिसत नाही?

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात लिनक्स लॅपटॉप कुठून आला, असे काहींना वाटेल. पण बिघाड शोधणे हा शेवटी ज्ञानाचाच प्रश्न आहे. जे समोर दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याबद्दल काय म्हणता येते, हे आपल्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी बारकाईने तपासले आहे. आज तीच तपासणी आपण एका साध्या यंत्रावर करून बघू.

असे समजू या की एका अभ्यासमंडळाकडे उबुंटू घातलेला जुना लॅपटॉप आहे. त्यात व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे आहेत आणि सभासदांचे पत्ते, फोन नंबर, वर्गणीचा हिशेबही आहे. मंडळाला वाटते, मुद्रणे बाकीच्यांना आपापल्या विंडोज संगणकावरून उघडता यावीत. त्यासाठी 'सांबा' नावाचा प्रोग्रॅम बसवला जातो. विंडोज ज्या भाषेत फाइली मागते, तिचे नाव एसएमबी. ती १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये तयार झाली. युनिक्सला ती बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी जे काम सुरू केले आणि १९९२ मध्ये लोकांपुढे ठेवले, तेच पुढे सांबा झाले. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला, त्यातून हे नाव मिळाले.

सगळे बसवून झाले. विंडोजवर 'नेटवर्क' उघडले, तर लॅपटॉप यादीत नाही. लगेच निष्कर्ष निघतो, "सर्व्हर चालत नाही." इथे आपण थांबायचे.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरून घट नाही हे कळते. पण त्याला अट आहे. घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. या अटीसह जी अनुपलब्धी, ती 'योग्यानुपलब्धी'. अनुपलब्धीला वेगळे प्रमाण न मानणारे नैयायिकसुद्धा ही योग्यतेची अट मानतात.

आता विंडोजची ती यादी बघा. सर्व्हर असता तर तो यादीत दिसलाच असता का? नाही, बरं का. पूर्वी ही यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने बनायची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये ती आवृत्ती आपोआप बसवली जात नाही, आणि २०१९ च्या ४.११ पासून सांबानेही ती मुळात बंद ठेवली आहे. विंडोजची नवी यादी वेगळ्या पद्धतीने बनते. ती पद्धत सांबा स्वतः बोलत नाही, त्यासाठी 'डब्ल्यूएसडीडी' नावाचा वेगळा सोबती लागतो. तेव्हा यादी ही अंधारी खोली आहे. सर्व्हर निरोगी असूनही तिथे दिसणार नाही.

मग उजेड कुठे आहे? पत्त्याच्या खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढे लॅपटॉपचा आयपी पत्ता, असे थेट लिहायचे. उघडले तर यादीचा प्रश्न मिटला. नाही उघडले, तर तपास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

दुसरी पायरी अन्वय-व्यतिरेकाची. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि फरक बघायचा. लॅपटॉपवरच बसून 'एसएमबीक्लायंट' या आज्ञेने, उणे मोठा एल देऊन, लोकलहोस्टची शेअर-यादी मागायची. आतून यादी मिळाली आणि बाहेरून मिळत नाही, तर सांबा जिवंत आहे, अडथळा वाटेत आहे. वाटेतले अडथळे मोजकेच. फायरवॉलने ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडवले असेल. उबुंटूत 'यूएफडब्ल्यू अलाव सांबा' एवढे म्हटले की वाट मोकळी होते. किंवा सांबा फक्त १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावरच कान देत असेल, ते 'एसएस' आज्ञेने कळते. किंवा एक संगणक पाहुण्यांच्या वायफायवर असेल, जिथे राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाही. आणि लॅपटॉप आहे, तेव्हा साध्या गोष्टीही बघायच्या. झाकण मिटले की तो झोपतो. तारेवरून वायफायवर आला की पत्ता बदलतो. कालचा पत्ता आज दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

आतूनही यादी मिळाली नाही, तर दोष सांबातच. मग 'सिस्टिमसीटीएल स्टेटस एसएमबीडी' म्हणून सेवा चालू आहे का बघायचे आणि 'टेस्टपार्म' ने मांडणीची फाइल तपासायची. मात्र टेस्टपार्मची मर्यादा ध्यानात ठेवू या. ते फाइलचे व्याकरण तपासते. वाक्य शुद्ध आहे एवढे सांगते, खरे आहे की नाही ते सांगत नाही. पर्यायाचे नाव चुकीचे लिहिले असेल तर ते इशारा देते, पण सांबा ती ओळ सोडून पुढे जातो. ती ओळ नेमकी 'कोणाला आत घ्यायचे' हे सांगणारी असेल, तर काय होईल याचा विचार करा.

आता समजा, पत्ता लागला, शेअर दिसला, आणि उघडताना उत्तर आले, "परवानगी नाही." न्यायशास्त्रात 'सव्यभिचार' नावाचा हेत्वाभास आहे. जे चिन्ह साध्य असताना आणि नसतानाही आढळते, त्यावरून साध्य सिद्ध होत नाही. "परवानगी नाही" हे असेच चिन्ह आहे. त्यामागे निदान तीन वेगळे दरवाजे असू शकतात.

पहिला दरवाजा ओळखीचा. लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रूपात साठवलेले असतात. लिनक्समध्ये खाते आहे म्हणून सांबात ते आपोआप येत नाही. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' उणे ए, असे म्हणून ते वेगळे नोंदवावे लागते. विंडोजही कधी जुना पासवर्ड लक्षात ठेवून तोच पुढे करते. शिवाय उबुंटूच्या मूळ मांडणीत अनोळखी नाव आले तर त्याला पाहुणा समजायचे, असा नियम आहे. म्हणजे नावात एक अक्षर चुकले तरी "नाव चुकले" असे कोणी म्हणत नाही. आपण पाहुणे ठरतो आणि पुढे कुठेतरी अडतो. आत कोण कोणत्या नावाने आले आहे, हे 'एसएमबीस्टेटस' सांगते.

दुसरा दरवाजा शेअरचा. सांबात शेअर मुळात फक्त वाचण्यापुरता असतो. लिहू द्यायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

तिसरा दरवाजा लिनक्सच्या स्वतःच्या परवानग्यांचा. सांबाने 'हो' म्हटले तरी फोल्डर 'नाही' म्हणू शकतो, आणि त्याच्या वरचा फोल्डरही म्हणू शकतो. उबुंटूत २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचे घर-फोल्डर इतरांना बंद असते. त्याच्या आत ठेवलेला 'व्याख्याने' हा फोल्डर कितीही मोकळा केला तरी उंबरठ्यावरच अडवले जाते. 'नेमआय' उणे एल, अशी आज्ञा वाटेतल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दाखवते. कोणत्या पायरीवर अडले ते बघायचे. त्यापेक्षा मुद्रणे घराबाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणे बरे.

इथेच खरा धोका आहे, म्हणून हा विषय घेतला. तासभर अडकलेला माणूस कंटाळतो आणि सगळे एकदम मोकळे करतो. फायरवॉल बंद, पाहुण्यांना प्रवेश, आणि फोल्डरला सातशे सत्याहत्तरची परवानगी, म्हणजे कोणीही वाचा, लिहा, पुसा. मग ते चालते. "झालं एकदाचं," असे आपण म्हणतो. पण काय झाले? तीन दरवाज्यांपैकी कोणता अडला होता ते कळलेच नाही, आणि सभासदांचे पत्ते नि हिशेब त्याच वायफायवरच्या कोणालाही उघडे झाले. ज्यांनी विश्वासाने आपला फोन नंबर दिला, त्यांना कोणी विचारले नाही. आपले अज्ञान झाकण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

म्हणून बिघाड शोधताना एकच शिस्त पुरे आहे. प्रत्येक "नाही" ला विचारायचे, हे असते तर इथे दिसलेच असते का? उत्तर "हो" असेल तर त्या नकाराला प्रमाण मानायचे. उत्तर "नाही" असेल तर आधी दिवा लावायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करायची. लॅपटॉपसमोर ही सवय लागली की माणसांबद्दल बोलतानाही ती उपयोगी पडते. "त्याने काही कळवले नाही, म्हणजे त्याला पर्वा नाही," असे आपण किती सहज म्हणतो!

पुढच्या वेळी हेत्वाभासांचे उरलेले प्रकार घेऊ. आज इथे थांबू.