साक्षीची भाषा आणि न्यायालयाचे दप्तर

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते कोयनेच्या भूमिगत वीजगृहामुळे. आणि सह्याद्रीचा कडा पोखरून घाटमाथ्यावरचे पाणी वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरविण्याचे ते प्रचंड काम सुरू झाले तेव्हापासूनच या टापूच्या कानाला परप्रांतीच्या बोलींची सवय आहे. आज लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत आणि महामार्गाच्या कामावर उत्तरेकडचे व पूर्वेकडचे मजूर राबतात, आंब्याच्या बागा नेपाळी राखणदार सांभाळतात, मिरकरवाड्याच्या नौकांवर नेपाळी खलाशी चढतात. बाजारहाटापुरती मोडकी हिंदी या सर्वांना येते आणि तिच्यावर रोजचा व्यवहार निभावतो. परंतु त्यांच्यातला एखादा फिर्यादी, साक्षीदार किंवा आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहिला की तीच मोडकी हिंदी त्याची भाषा ठरते, आणि दुभाषी हवा असे कोणाच्या मनातही येत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्रातील जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, हे 1998 च्या अधिसूचनेने ठरले. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 279 वे कलम सांगत असे. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. दुभाष्याने खरा तर्जुमा केला पाहिजे हे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि त्याला शपथही घ्यावी लागते. पण हा दुभाषी आणावयाचा कोठून, त्याची परीक्षा कोणी घ्यावयाची आणि त्याचा मेहनताना कोणत्या खात्यातून द्यावयाचा, याची सोय मात्र बव्हंशी वाऱ्यावर आहे.

समजा, बागेतल्या मारामारीचा खटला चालू आहे आणि पिंजऱ्यात नेपाळी राखणदार आहे. पुकारा झाला, शपथ झाली, आणि सरकारी वकिलांच्या पहिल्याच प्रश्नाला तो गोंधळला. मग इकडेतिकडे शोध होतो आणि जो हाताशी सापडेल तो उभा केला जातो: कधी तपासावरचा हवालदार, कधी मजुरांना घेऊन आलेला मुकादम, कधी दाराशी बसलेला त्याचाच गाववाला. प्रश्न विचारला जातो, दोघांत बराच वेळ बोलणे होते, राखणदार हातवारे करून सविस्तर काही सांगतो, आणि अखेर दुभाषी न्यायाधीशांकडे वळून एवढेच म्हणतो, "नाही म्हणतो, साहेब." ते तीन शब्द लघुलेखक टिपून घेतो. त्या लांब बोलण्यात भीती होती की खुलासा होता, मार खाल्ल्यावर काठी उगारली की आधीच उगारली, हे दप्तरात कोठेच उरत नाही. हवालदार दुभाषी असेल तर तो फिर्यादी पक्षाचाच माणूस. मुकादम असेल तर साक्षीदाराची उद्याची भाकरी त्याच्या हाती. अशा मध्यस्थाच्या तोंडून आलेल्या जबानीला पुरावा म्हणणे मला तरी धोक्याचे वाटते.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवरचा 1908 चा राजद्रोहाचा खटला या संदर्भात आठवतो. 'केसरी'तील मराठी लेखांचा निवाडा करणाऱ्या नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियन होते, आणि मराठी न जाणणाऱ्यांपुढे पुरावा होता तो सरकारी इंग्रजी भाषांतराचा. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि आपल्या प्रदीर्घ भाषणात भाषांतरातील विपर्यास दाखविण्यासाठी पुष्कळ श्रम घेतले; तरीही सात विरुद्ध दोन असा कौल होऊन सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्याजवळ निदान मूळ छापील लेख होता, ज्याच्याशी भाषांतर ताडून पाहता येत होते. राखणदाराचे मूळ बोलणे उच्चारताक्षणीच नाहीसे होते.

वरिष्ठ न्यायालयांची या प्रश्नावरील वृत्ती दुहेरी आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1962 च्या निकालात, इंग्रजी न जाणणाऱ्या स्थानबद्धाला अटकेची कारणे इंग्रजीत देऊन पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून सांगणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. उलट शिवनारायण काब्रा यांच्या प्रकरणात, आरोपीला साक्ष त्याच्या भाषेत समजावून न सांगणे ही केवळ अनियमितता असून, तिच्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले नसेल तर खटला बाद होत नाही, असे त्याच न्यायालयाचे मत पडले. तेथे आरोपीचे वकील साक्षीची भाषा जाणणारे होते, म्हणून तो निर्णय समजू शकतो. पण ज्याला आपले काय नुकसान झाले हे कळण्याइतकीही भाषा येत नाही, त्याने ते सिद्ध कसे करावे?

परप्रांतीयच कशाला? आपल्याच डोंगरांतला कातकरी घ्या. त्याची बोली मराठीच समजली जाते, म्हणून त्याला दुभाषी मागण्याची वाटच नाही. गडचिरोलीच्या माडिया माणसाला निदान वेगळ्या भाषेचा म्हणून ओळखले तरी जाते.

केवळ व्यवस्था उभी केली म्हणजे झाले असेही नाही. इंग्लंडमध्ये परीक्षित दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदवही होती. 2012 मध्ये हे काम एका खाजगी ठेकेदाराकडे सोपविले गेले, मेहनताना घटला, अनुभवी दुभाष्यांनी बहिष्कार घातला, आणि खटले तहकूब होऊ लागले.

आपल्याकडे एक नमुना तयार आहे. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2012 च्या कायद्यात दुभाष्याची अर्हता आणि शुल्क यांचा विचार असून, जिल्हा बालसंरक्षण कक्षाने अशा माणसांची नोंदवही ठेवावयाची असते. तीच पद्धत सर्व फौजदारी खटल्यांना लावावी, नोंदवहीत नेपाळी, उडिया आणि कातकरी यांना जागा असावी, आणि पोलीस वा मालक यांच्या माणसाला दुभाषी म्हणून उभे करू नये. त्याहूनही निकडीची गोष्ट साक्षीच्या ध्वनिमुद्रणाची. त्याची मुभा कायद्यात आहेच, आणि दुभाष्यामार्फत होणाऱ्या प्रत्येक जबानीत ते सक्तीचे व्हावे. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्याची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. तेथील न्यायमूर्तींपुढे कागदावरील तीन शब्दांबरोबर राखणदाराचा आवाजही पोहोचला, तर कोणीही नेपाळी जाणणारा तो ऐकून तर्जुमा बरोबर होता की नाही हे सांगू शकेल.